तिच्या वाटचा हात

जुलै महिना टेनिसचा नव्हे, हे नाशिकमध्ये टेनिस खेळलेल्या कोणालाही कळतं. फक्त चाचण्यांच्या तारखा ठरवणाऱ्यांना कळत नाही. निवासी अकादमीची निवड चाचणी जूनअखेरीला होणार होती, ती पावसामुळे पुढे गेली. मग पुन्हा गेली. मोबाईलवर निरोप यायचा, 'सुधारित तारीख लवकरच कळवू', आणि मी घरातल्या घरात येरझाऱ्या घालायला लागायचे. हॉल, स्वयंपाकघर, गच्ची, परत हॉल. नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचा, फरशी झिजेल. मी त्याच्यावर उगाच खेकसायचे. चूक त्याची नव्हती, पावसाचीही नव्हती, पण कोणावर तरी खेकसल्याशिवाय मला चैन पडत नाही.

एवढी तगमग एका मुलीसाठी होती. पेठ रोडला एका शाळेच्या मैदानात आमची छोटी संस्था सकाळी मुलांना टेनिस शिकवते. मैदान म्हणजे मुरूम, त्यावर चुन्याच्या रेघा. रॅकेटी क्लबातल्या लोकांनी टाकून दिलेल्या, बॉल असे की टप्पा खाल्ल्यावर वर यायचं की नाही याचा विचार करतात. मुलं मार्केट यार्डात भाजी निवडणाऱ्यांची, बांधकामावर बिगारी करणाऱ्यांची, धुण्याभांड्याला जाणाऱ्यांची. मी कॉलेजात असताना टेनिस खेळले ते डॉक्टर-वकिलांच्या मुलींबरोबर. त्यातल्या कोणाला टेनिसची गरज नव्हती, मलाही नव्हती. या मुलांना आहे का, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. पण ही मुलगी खेळायला लागली आणि मी असले प्रश्न विचारायचं सोडून दिलं.

तेराव्या वर्षात होती. बारीक, काळीसावळी, बोलण्यात कंजूष. घर पेठच्या पलीकडच्या एका पाड्यावरचं, पण वर्षातले बरेच महिने आईबाप शहरात एका खोलीत, थंडीत दिंडोरीकडे द्राक्षांच्या बागांवर, आणि पावसाळ्यात परत पाड्यावर भाताला. म्हणजे आमच्याकडे ती सलग अशी कधी आलीच नाही. कोणी देणगीदार पाहायला आले की हमखास म्हणायचे, "वाकून काय सुंदर खेळते, शेतात काम करतात ना, अंगातच असतं त्यांच्या." मला या वाक्याची भयंकर चीड येते. अंगात बिंगात काही नव्हतं. पहिल्या वर्षी ती खांबासारखी ताठ उभी राहायची. 'गुडघे, गुडघे' असं ओरडून माझा घसा बसला तेव्हा ती वाकायला लागली.

अकादमीत राहणं, जेवण, शाळा, सराव, सगळं फुकट होतं. जागा थोड्या. आणि वयाच्या अटीत बसण्याचं तिचं हे शेवटचं वर्ष. या वर्षी नाही तर कधीच नाही, एवढा सरळ मामला. वय उलटून गेलेल्या आमच्या मुली मला मार्केट यार्डात भेटतात. कडेवर पोर असतं, हसतात, म्हणतात, "ताई, माझा बॅकहँड अजून येतो बरं का." मीही हसते. मग घरी येऊन दिवसभर कोणाशी नीट बोलत नाही.

तर एका शनिवारी दुपारी निरोप आला. उघडीप आहे, चाचणी उद्या सकाळी. उद्या! आणि मुलगी दोन-तीन दिवसांपूर्वीच आईबरोबर आवणीला पाड्यावर गेलेली. आवणी म्हणजे भाताची लावणी. फोन लावला तर 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर'. मी आमच्या मैदानावरच्या तरुण प्रशिक्षकाला गाडीत घातलं आणि घाटाच्या दिशेने निघाले. नाशिकमध्ये ऊन होतं. घाट सुरू झाला तसा वायपर लावावा लागला. उतरलो तोवर पाऊस असा की समोरची एसटी दिसेना.

पाड्यावर पोचलो तेव्हा मुलगी ओट्यावर बसून पायाला लागलेला चिखल काडीने खरवडत होती. मला बघून उठून उभी राहिली. मी दम न घेता तिच्या आईला सगळं सांगितलं. उद्या सकाळी चाचणी, आत्ताच निघायचं, रात्री माझ्या घरी झोपेल, उद्या संध्याकाळी परत आणून सोडतो. आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "उद्या नाय जमणार, ताई."

मला वाटलं, ती मुलीला खेळू द्यायला नाही म्हणतेय. तोंडावर आलेलं सगळं मी बोलूनही टाकलं असतं. पण गोष्ट वेगळी होती. पाड्यावर आवणी सावडीने होते. आज सगळ्यांनी मिळून एकाच्या शेतात लावायचं, उद्या दुसऱ्याच्या. ज्या घरचे जेवढे हात तुमच्याकडे आले तेवढे तुम्ही त्यांच्याकडे पाठवायचे. एक हात म्हणजे एक माणूस. शेजारच्या म्हातारीकडची दोन माणसं आदल्याच दिवशी यांच्या शेतात राबून गेली होती. उद्या म्हातारीची पाळी. आई आणि ही, असे दोन हात जायलाच हवे होते.

"मी मजुरी देते, एखादी बाई लावा हिच्या जागी," मी म्हणाले.

"पैशाला कोण येतंय आता? समदा पाडा सावडीत हाय. लावणारी बाई मोकळी हाय कुठं?"

"मग याला ठेवते. तरुण आहे, राबेल." मी प्रशिक्षकाकडे बोट दाखवलं. त्याचा चेहरा पडला.

आई पहिल्यांदा हसली. "आवणीला बाईचाच हात लागतो. पुरुष चिखलणी करत्यात. ह्यो काय करील?"

चुलीचा धूर बाहेर आला होता, माझे डोळे चुरचुरत होते, घड्याळ पुढे चाललं होतं. मुलगी एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. तिने 'मला जायचंय' असं म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. आणि मी म्हणून गेले, "मी राहते. हिच्या जागी मी येते उद्या."

आईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. चष्मा, घड्याळ, स्पोर्ट्सचे बूट. "जमंल?"

"जमेल," मी म्हणाले. आजवर जमेल म्हणून जे जे अंगावर घेतलं त्यातलं अर्धं तरी मला जमलेलं नाही, पण सवय जात नाही.

प्रशिक्षक माझी गाडी घेऊन मुलीला घेऊन गेला. लाल दिवे वळणावर दिसेनासे झाले आणि मला कळलं की मी काय करून बसले आहे. तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या खेळाच्या वेळी मी कुंपणामागे नसणार. गाडी नाही, फोनला रेंज नाही, आणि घाटापलीकडे काय चाललंय हे कळायला दुसऱ्या संध्याकाळपर्यंत कुठलाही मार्ग नाही. एवढी वर्षं तिची एकही मॅच मी चुकवली नव्हती.

सकाळी म्हातारीच्या शेतावर गेलो. तिने मला बघून यजमानिणीच्या आवाजात विचारलं, "ही कोण?"

"पोरीच्या वाटची," आई म्हणाली.

म्हातारीने माझ्या हाताचा तळवा उलटासुलटा करून पाहिला, बैल घेताना पाहतात तसा. मग एक प्लास्टिकचा कागद दिला, डोक्यावरून घ्यायला.

रोपांची मूठ डाव्या हातात धरायची, उजव्या हाताने दोन-तीन काड्या सोडवायच्या आणि चिखलात रोवायच्या. बघायला पोरखेळ. मी पहिली ओळ झपाट्याने लावली, मान वर केली आणि पाहिलं तर सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. त्या पाठीमागे सरकत लावत होत्या. मी पुढे चालत होते. मी लावलेली सगळी रोपं माझ्याच पायाखाली गेली होती.

"टेनिसवाली पुढं पळती," म्हातारी म्हणाली. "मागं रान उपाशी ठेवती." सगळ्या खिदळल्या.

मीही हसले, पण मला मनापासून राग आला होता. आयुष्यभर मी मुलींना सांगत आले, मागे सरकू नका, पुढे या, बॉलला पुढे गाठा. आता अख्खा दिवस मागे मागे सरकायचं होतं, आणि समोर बघायला आपण आत्ताच लावलेली रोपं सोडून काही नाही. माझी ओळ वाकडी जायची. आई माझ्या बाजूला लावत होती, ती न बोलता हात लांबवून माझी एखादी तरंगणारी काडी नीट रोवायची. मी म्हणायचे, राहू दे, मी करते. ती हो म्हणायची आणि पुढची रोवायची.

आठ वाजले असतील, आता त्यांचं वॉर्मअप सुरू असेल. आता टॉस. तिने टॉस जिंकला तर सर्व्हिस घेऊ नये, हे तिला सांगितलं होतं का मी? सांगितलं होतं. पण ऐन वेळी ती विसरली तर? मला हातातली मूठ टाकून चालायला लागावंसं वाटत होतं. कुठेही. चिखलात चालता येत नाही ही वेगळीच शिक्षा. पाय काढला की दुसरा रुतायचा. कंबर मोडायच्या बेताला आली तरी डोकं गप्प बसत नव्हतं.

मग पाऊस आला. नुसता आला नाही, कोसळला. बायकांना आनंद झाला. वाफ्यात पाणी चढलं, लावणं सोपं झालं, कोणीतरी गाणं म्हणायला लागलं. आणि मी पावसाला शिव्या घालत होते. मनातल्या मनात नव्हे, चांगल्या ऐकू जातील अशा. नाशिकला पडत असेल तर चाचणी पुन्हा बंद, पुन्हा पुढे, आणि पुढच्या तारखेला आवणी संपलेली असेल का, वयाचा दाखला मानतील का, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"तिथं नसंल," आई म्हणाली. "इथं धोधो पडतो तवा शहरात कपडे वाळत्यात."

तिचं म्हणणं खरं होतं, मला माहीत होतं. तरी मी प्रत्येक सरीला वर बघायचे आणि माझी ओळ आणखी वाकडी व्हायची.

दुपारी नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी होती. कोणीतरी म्हणालं, वरच्या टेकाडावर टाकीपाशी कधीमधी रेंज मिळते. मी भाकरी हातात घेऊन टेकाड चढले. घसरले, गुडघा खरचटला, पुन्हा चढले. फोन आभाळाकडे धरून उभी राहिले. बऱ्याच वेळाने एक निरोप टपकला, सकाळचा, प्रशिक्षकाचा. 'सुरू झालं. ती गप्प आहे.' बस. गप्प आहे! ती जन्मापासून गप्प आहे. पॉइंट किती, समोर कोण, सर्व्हिस पडतेय का, यातलं एक अक्षर नाही. मी उलट फोन लावला तर रेंज गेली. तो प्रशिक्षक समोर असता तर मी त्याला त्या टाकीतच बुचकळून काढलं असतं.

खाली आले तेव्हा आईने विचारलं, "कळलं?"

"नाही."

ती पुन्हा वाफ्यात उतरली, मी तिच्या मागे. दुपारनंतर बायकांचं बोलणं मंदावलं होतं. पाऊसही थांबला होता, म्हणून तिचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"तिथं ठेवूनच घेत्यात ना?"

"हो. सांगितलं होतं की मी."

"सांगितलं व्हतं. तुमी लय भराभरा सांगता, ताई." तिने काही काड्या रोवल्या. "जेवाण काय देत्यात?"

मी सांगितलं. दूध, अंडी, भाजी-पोळी, वरण-भात.

"भाकरी नाय?"

"नसेल."

"तिला पोळी जात नाय दोन्ही वेळंला." मग थोड्या वेळाने, "आजारी पडली तर?"

डॉक्टर असतो, म्हणाले. सणाला सोडतात का? सोडतात, दिवाळीला. आणि आवणीला? हे तिने विचारलं नाही, मीच मनात विचारलं आणि उत्तर माझ्याकडे होतं. आवणीला कोण सोडणार? मी प्रत्येक उत्तर पटकन देत होते, प्रश्न संपवावेत म्हणून. ती मात्र प्रत्येक उत्तरावर थांबत होती.

"हरली तर सांजच्याला येईल," ती म्हणाली. "जिंकली तरी येईल ना?"

"येईल. तसंच ठरलंय."

"मंग बरं."

तिचं 'बरं' ऐकून मी हात थांबवला. सकाळपासून मी एकच धोशा लावला होता, तिला घेऊ देत, तिला घेऊ देत. माझ्या हातभर अंतरावर तिची आई सकाळपासून काय म्हणत असेल, याचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. आम्ही दोघी एका वाफ्यात उभ्या होतो, एकाच मुलीच्या वाटचं काम करत होतो, आणि बहुतेक उलट्या गोष्टी मागत होतो. तरी तिने काल मुलीला जाऊ दिलं होतं. नको असलेल्या गोष्टीसाठी ती माझ्या वाकड्या ओळी सकाळपासून सरळ करत होती. मला तिचं फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली. मुलीची निवड झाली तर हिला मी काय सांगणार होते? माझ्याकडे सांगायला फक्त दूध आणि अंडी होती.

त्यानंतर माझी अस्वस्थता कमी झाली असं नाही, पण ती एका बाजूची राहिली नाही. गाडी यावी असं वाटायचं आणि लगेच वाटायचं, अजून जरा वेळ येऊ नये. रस्त्यावर कुठलंही इंजिन वाजलं की आम्ही दोघी एकदमच मान वर करायचो. पहिल्यांदा टेम्पो होता, मग कुणाची तरी मोटारसायकल.

संध्याकाळी शेवटचा वाफा राहिला असताना माझी पांढरी गाडी वळणावर दिसली. प्रशिक्षक गाडीपाशीच उभा राहिला. मुलगी बांधावरून एकटी चालत आली. संस्थेचा निळा ट्रॅकसूट, पांढरे बूट, खांद्याला रॅकेटची पिशवी. तिच्या चेहऱ्यावरून मला कधीच काही कळत नाही. मी चिखलातून ओढत ओढत बांधाशी गेले.

"काय झालं?"

"शेवटची हरले," ती हळू म्हणाली. "पण घेतलं, ताई. नाव वाचलं. उद्या सकाळी दहाला या म्हणाले, कपडे घेऊन."

मी तिच्याकडे बघत राहिले. डोळे भरून आले ते पुसायला गेले आणि चिखल चष्म्याला लागला. तिने हसू दाबलं. मग तिची नजर माझ्या खांद्यावरून वाफ्याकडे गेली आणि हसू गेलं.

"आईला सांग," मी म्हणाले.

"तुम्ही सांगा."

आयुष्यात मला बोल म्हणून कोणाला सांगावं लागलेलं नाही. त्या वेळी मी नुसती चष्मा पुसत राहिले. आई आमच्याकडे पाठ करून लावत होती, दोन-चार पावलांवर. तिचे हात चालू होते. एक मूठ संपली, तिने दुसरी सोडवली.

मुलीला ते सहन झालं नसावं. तिने पिशवी बांधावर ठेवली, खाली वाकली आणि बुटाची नाडी सोडायला लागली, वाफ्यात उतरायला.

"उतरू नको," आई म्हणाली. तिने मागे वळूनही पाहिलं नव्हतं. "कापडं चिखलतील. उद्या तीच घालून जायचं ना?"

मुलगी नाडी हातात धरून तशीच वाकून राहिली.

आईने हातातली शेवटची काडी रोवली, पाण्यात हात बुडवून धुतले, बराच वेळ धुतले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, उद्या पलीकडच्या घरची पाळी हाय. पोरीच्या जागी तुमीच लागाल."

सोमवारी मला नाशिकला शंभर कामं होती. मी प्रशिक्षकाला निरोप पाठवला, उद्या सकाळी हिला गाडीने तूच अकादमीत सोड, आणि वाफ्याचा राहिलेला कोपरा लावायला परत चिखलात उतरले.